पत्र्यावरचा कडबा

शिवकांताच्या घरावर पत्रे आले ते एका ढेकळापायी, आणि ते ढेकूळ पडलं तेही नेमकं विहिणीच्या ताटात. लेकीचा, नीलम्माचा, साखरपुडा होता. लातूरहून पाहुणे अहमदपुरात आले होते, पुरणपोळीवर तूप वाढून झालं होतं, आणि विहीणबाई पार्वतम्मा पहिला घास मोडतात तोच माळवदातून मूठभर माती सुटली आणि थेट त्यांच्या आमटीच्या वाटीत पडली. कुणी हसलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण कुणी हसलं नाही. पार्वतम्मांनी ताट हलकेच पुढं सारलं, वर बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडं आता समदे सलॅप टाकून राहिलेत." बस, एवढंच. पण शिवकांताच्या नवऱ्याच्या, माणिकप्पाच्या, मनातून ते काही जाईना.

आता माळवद म्हणजे काय साधीसुधी गोष्ट असते? खाली तुळया, तुळयांवर लाकडाच्या चिपा, त्यावर लिंबाचा पाला आणि त्यावर हातभर जाडीची पांढरी माती. उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब. पण चार तुळयांना वाळवी लागली होती हेही खरं. त्या बदलून पुन्हा माती चढवायची तर लाकूड आणि सुतार दोन्ही माणिकप्पाच्या आवाक्याबाहेरचे. तो मोंढ्यात पंचाक्षरी शेठच्या आडतीवर मापाडी. दुसऱ्यांची ज्वारी मोजण्यात जन्म गेलेला माणूस. त्याने हात आखडूनच काम काढलं. भिंती जुन्याच ठेवल्या, दार जुनंच ठेवलं, शहाबादी फरशी पुढच्या अर्ध्या खोलीत बसवली, कारण पाहुणे तेवढ्यातच बसतात, आणि माळवद उतरवून बारीक लाकडी बल्ल्यांवर पत्रे ठोकले. उतरवलेली माती दारात ढिगाने पडली होती. लातूर जिल्हा नवा झालेला, तिकडं जाणारा रस्ता रुंद होत होता, आणि तिथल्या मुकादमाला भराव पाहिजेच होता. त्याने ट्रॅक्टर लावून ती उचलून नेली. माणिकप्पाने माती फुकट दिली ती दिली, वर मुकादमाला चहाही पाजला.

लग्न झालं, नीलम्मा लातूरला नांदायला गेली. संक्रांतीला पार्वतम्मा आल्या, वर बघून म्हणाल्या, "आता कसं घर दिसू लागलं." माणिकप्पा त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवला. शिवकांताही खूश होती, खोटं कशाला बोलायचं? पत्रे बघून गल्लीतल्या एकेका घराने आपलंही माळवद उतरवलं. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं, पण त्याचा आणि पत्र्याचा काही संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

वैशाखात नीलम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण उन्हाने म्हणा की हापश्यावरच्या धक्काबुक्कीने म्हणा, ती आधीच अडली आणि सरकारी दवाखान्यात मोकळी झाली. मुलगा झाला. ओंजळीत मावेल एवढा. रडला तोही असा, की शिवकांताला वाटलं शेजारच्या खाटेवरचं कुणीतरी कण्हतंय.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी उगाच आशा लावली नाही. "अशा बाळांची पेटी नांदेडला आहे," त्या म्हणाल्या. "पण या उन्हात दोन-अडीच तासांचा एसटीचा प्रवास हे सोसेल असं मला वाटत नाही. इथं तर एकेका खाटेवर दोघी दोघी आहेत. घरी न्या. गार जागेत ठेवा, कापसाच्या बोळ्याने थोडं थोडं दूध पाजत राहा. आणि पत्र्याखाली अजिबात ठेवू नका."

शेवटचं वाक्य ऐकून शिवकांताने फक्त मान हलवली.

घरी आणल्यावर पहिल्याच दुपारी पत्र्याने आपला गुण दाखवला. उन्हं चढली तसे पत्रे तडतडायला लागले. भिंतीला हात लावला तर भिंत तापलेली, बाजेवरचं फडकं तापलेलं, तांब्यातलं पाणी तापलेलं. बाळ लाल झालं, मग लालही राहिलं नाही. ओठ सुकले. दूध जिभेवर टाकलं तर ते कडेने ओघळून जाई. शिवकांताने त्याच्या टाळूवर तेल घालायला बोट टेकवलं आणि तिचा हात तिथंच थांबला. टाळू खोल गेली होती, इतकी की बोटाचं पेर त्यात बसलं. चार लेकरं झाली होती तिला आणि त्यातली दोन हातची गेली होती. टाळू खोल जाणं म्हणजे काय ते तिला कुणी सांगायला नको होतं.

"अव्वा, कसा हाय त्यो?" नीलम्माने बाजेवरून विचारलं. तिला स्वतःलाच ताप होता आणि अंगावर दूध म्हणून येत नव्हतं.

"झोपलाय," शिवकांता म्हणाली.

आता कुणीही विचारील, की बायांनो, बाळाला न्यायला दुसरं घर नव्हतं का? पण पहिलं बाळंतपण माहेरच्या छपराखाली होतं. लेकीला बाळासकट शेजाऱ्याकडं नेऊन ठेवलं, म्हणजे आईबापाने हात टेकले असा त्याचा अर्थ, आणि ती बातमी लातूरला पोचायला एक एसटी पुरे. जावई नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून. आणि त्याची आई कशी होती ते ढेकळाच्या वेळी दिसलंच होतं. शिवाय गल्लीत माळवद उरलं होतं तरी कुणाचं? माणिकप्पाचं बघून सगळ्यांनीच ती उतरवलेली. गारव्याचं म्हणावं असं एकच घर होतं, पारूबाईचं. गल्ली संपते तिथून बौद्ध वस्ती लागते, तिथलं अगदी पहिलं घर. बसकं, जाड भिंतींचं, वर सगळी मातीच माती.

ही पारूबाई बाळाला दूध द्यायची. त्या दुष्काळात आसपास दुभती अशी तिची एक लाल गायच राहिली होती. नवरा रोजगार हमीच्या कामावर लांब गेलेला, आणि ती एकटी त्या गाईला लिंबाचा पाला, बाभळीच्या शेंगा, मिळेल ते घालून जगवत होती. दूध घ्यायचं म्हणजे शिवकांता आपलं भांडं उंबऱ्यावर ठेवी आणि पारूबाई वरून, भांड्याला तांब्या न लावता, धार धरी. दुधाला विटाळ नसतो अशी शिवकांताने स्वतःची समजूत घातली होती. दुधाला नव्हता, तांब्याला होता. गरजेपुरतं शास्त्र सगळ्यांकडेच असतं. पहिल्याच दिवशी पारूबाई म्हणाली होती, "अक्का, माझ्या घरात लई गारवा हाय. लेकराला आन् नीलम्माला दुपारच्याला तिकडं आणा की."

शिवकांताने ऐकलं होतं. चांगलं स्पष्ट ऐकलं होतं. पण ती म्हणाली, "आज दूध घट्ट दिसतंय गं," आणि भांडं उचलून आत गेली.

मग सुरू झाला माणिकप्पाचा आटापिटा. मोंढा तसाही ओस पडला होता, मापाला धान्यच नव्हतं, त्यामुळे माणूस दिवसभर पत्र्यावर. आधी त्याने आडतीवरची जुनी पोती आणून वर अंथरली आणि त्यावर पाणी मारलं. घटकाभर आत बरं वाटलं, तेवढ्यात पोती कुरकुरीत वाळली. पुन्हा पाणी मारायचं तर आणायचं कुठून? टँकर दिवसाआड, घराला दोन घागरी. शिवकांताच ओरडली, "पत्र्याला पाजता का लेकराला पाजता, एक काय ते ठरवा!" मग त्याने चुना फासला. त्याने थोडा फरक पडला, पण तडतड काही थांबली नाही. मग लिंबाच्या फांद्या तोडून आणल्या, त्या एकाच दुपारी कोळपल्या आणि उरल्यासुरल्या शेळ्यांनी भिंतीवर चढून ओरबाडल्या. आतून धोतरं ताणून छत बांधलं, तर धग धोतरातून झिरपून खाली यायची ती यायचीच.

"माती घाला की वो थोडी," शिवकांता म्हणाली. "आपल्या माळवदाची होती तसली."

"घालतो," माणिकप्पा म्हणाला, "आन् बल्ल्या मोडून पत्रे लेकराच्या अंगावर आले म्हंजी? ह्ये लाकूड मातीचं वजन पेलत न्हाई. आन् माती तरी कुठं हाय? गेली की समदी रस्त्यात." आणि तो दारात बसून राहिला. घामाने विभूतीचे पट्टे ओघळून भुवयांत उतरले होते, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. शिवकांताला त्याचा राग आला आणि कीवही आली. पण जास्त रागच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुठंतरी गेला आणि बैलगाडी घेऊनच परतला. गाडीत कडबा! ज्वारीचा, पिवळाधमक, चांगल्या वर्षाचा जपून ठेवलेला कडबा. त्या दिवसांत कडब्याची पेंढी रस्त्याने नेणं म्हणजे उघड्या टोपलीत सोनं नेण्यासारखं होतं. गाडीमागून गल्लीतली चार हाडकुळी जनावरं चालत आली होती.

"कुठनं आणलात?" शिवकांताने विचारलं.

"शेठनं दिला. मळ्यातल्या गंजीतला." माणिकप्पा तिच्याकडं न बघता म्हणाला आणि शिडी लावली.

पंचाक्षरी शेठ इतका मोठ्या मनाचा कधीपासून झाला, हा प्रश्न तिच्या मनात आला होता. पण तिने तो विचारला नाही. बुडणारं माणूस दोराला विचारतं का, की तू कुणाचा? माणिकप्पाने पेंढ्या पत्र्यावर शेजारी शेजारी दाबून बसवल्या, आडव्यावर उभ्या, दोन थर, वरून पोती आणि पोत्यांवर दगड. पोती मोजत आयुष्य काढलेल्या माणसाने पेंढ्याही अशा नीट लावल्या की कुठं फट म्हणून राहिली नाही.

आणि खरंच, त्या दुपारी पत्रे तडतडले नाहीत. घर गार झालं असं नव्हे, पण भट्टी होती तिचं पुन्हा घर झालं. बाळाने बोळा तोंडात धरला, चोखला, सोडला आणि पुन्हा धरला. शिवकांताने त्याचे घोट मोजले नाहीत, तिला भीती वाटली की मोजले तर थांबतील. त्या दिवशी बाळ जन्मल्यापासून पहिल्यांदा शांत झोपलं, आणि नीलम्मा त्याच्याकडं बघत बघत रडली. शिवकांता पत्र्याखाली उभी राहून वर हात जोडून म्हणाली, "शेठचं कल्याण होऊ दे, बाबा."

पुढचे तीन-चार दिवस बरे गेले. फक्त जनावरं दारासमोरून हलत नव्हती. वर बघायची, हुंगायची, हंबरायची. गल्लीतल्या उमाबाईची म्हैस तर भिंतीलाच मान घासत उभी राहायची. उमाबाई एकदा येताजाता म्हणालीच, "माणसाच्या घराला कडबा, आन् आमच्या म्हशीला दगूड. बरं हाय." शिवकांताने दार लावून घेतलं. तिच्या घरातलं पोर जगत होतं, बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो, असं तिला त्या वेळी वाटलं. माणूस दुष्काळात वाईट होतो तो असा, हळूहळू, दार लावत लावत.

मग एक दिवस सकाळी पारूबाई दूध घेऊन आली आणि तिने भांड्यात जी धार धरली ती सुरू होते न होते तोच संपली. भांड्याचा तळसुद्धा झाकला नव्हता. शिवकांताने भांडं हलवून बघितलं, जणू कुठं लपलेलं सापडेल.

"एवढंच?"

"एवढंच दिलं गाईनं," पारूबाई म्हणाली. ती नेहमीसारखी लगेच वळली नाही. "अक्का, एक बोलू का? राग नका धरू."

"बोल."

"माझा भाऊ मोंढ्यात हमाली करतो. त्यो सांगत व्हता, माणिकप्पा मालकानं शेठकडनं कडबा नेला, पारूबाईच्या गाईसाठी म्हून. तिच्या दुधावर आमचा नातू जगून राहिलाय म्हणाले म्हणं, आन् गाईचं नाव काढल्यावर शेठनं लगीच गाडी भरून दिली." तिने वर पत्र्याकडं बघितलं, आणि लगेच नजर खाली घेतली. "मी म्हणलं, आसंल. यील कवातरी आपल्या गाईपुढं. चार रोज वाट बघितली. आता ती गाय बसली की उठत न्हाई. मी मागायला आले न्हाई, अक्का. उद्या दूध न्हाई आणलं तर का न्हाई आणलं, ते तुमाला ठाव असावं म्हून सांगून राहिले."

तिने आवाज चढवला असता तर शिवकांताला बरं वाटलं असतं, भांडायला तरी जागा मिळाली असती. पण ती शांतपणे बोलली आणि गेली. शिवकांता उंबऱ्यात उभी राहिली ते रिकामं भांडं हातात घेऊन. तिला इतकी लाज वाटली की गल्लीतून कुणी जाऊ नये, कुणी तिच्याकडं बघू नये, असं वाटलं.

माणिकप्पा मागच्या दारी दात घासत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "त्या बाईच्या गाईचं नाव सांगून कडबा आणलात?"

त्याने चूळ थुंकली. "हाव. आणला."

"खोटं बोललात?"

"बोललो! मंग काय करू? पत्र्यावर टाकाया कडबा द्या म्हणलो आसतो तर शेठनं मला पायरीवरनं ढकलून दिलं आसतं. ह्या दिसांत गाईच्या तोंडचा कडबा घरावर कोण घालतं? येडं म्हणलं आसतं मला!"

"आन् ती गाय मरून राहिली ना तिकडं! दूध एवढंच आलं आज. एवढंच!" तिने भांडं त्याच्यासमोर उलटं धरलं, त्यातून एक थेंबही पडला नाही, सगळं दूध भांड्याच्या अंगालाच लागलं होतं. "आता काय पाजायचं त्याला? कडबा पाजू?"

"मंग उतरवू?" माणिकप्पा ओरडला. "उतरवतो की. गाय जगंल, दूध यील. आन् दुपारच्याला ह्यो त्या तव्यावर भाजंल त्याचं काय? सांग की! सांग!" आणि बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. तो तिथंच मोरीच्या कडेला बसला. "मीच घातले पत्रे. कुणी सांगितलं न्हवतं. मीच घातले." लग्न झाल्यापासून शिवकांताने नवऱ्याला रडताना पाहिलं नव्हतं. लेकरं गेली तेव्हाही तो बाहेर जाऊन उभा राहिला होता.

कडबा वर राहिला तर दूध नाही. कडबा खाली आला तर सावली नाही. शिवकांताने मनातल्या मनात दोन्हीकडून फिरून बघितलं, आणि दोन्हीकडून ती त्या खोल टाळूपाशीच येऊन थांबली.

तेवढ्यात आतून नीलम्माचा आवाज आला. सगळं तिला ऐकू गेलं होतं, दीड खोलीचं घर ते, काय लपणार? "अव्वा," ती म्हणाली, "तू पारूमावशीच्या घरी चल म्हणलीस ना, तर मी आत्ता उठते."

शिवकांताने पदर खोचला आणि सरळ गल्लीच्या टोकाला गेली.

पारूबाईच्या अंगणात ती लाल गाय खरंच आडवी पडली होती, माशा वारायलाही शेपटी उचलत नव्हती. पारूबाई तिच्या तोंडाशी पाण्याचं घमेलं धरून बसली होती. शिवकांता अंगणाच्या आत, अगदी गाईपर्यंत आली. इतकी वर्षं शेजार, पण या अंगणात तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं.

"पारूबाई, कडबा उतरवून देते. समदा. आत्ताच," ती म्हणाली. "आन् माझी लेक आन् लेकरू तुझ्या घरात ठिव. तू म्हणली व्हतीस."

पारूबाई उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंदबिनंद काही नव्हता, भीती होती. "तवा म्हणले व्हते, अक्का. तवा लेकरू बरं व्हतं जरा. आता..." ती अडखळली. "त्याला माझ्या घरात काय झालं तर? तुमचं दुःख तुमच्या जागी. पन गाव मला म्हणंल. तुमची ती लातूरची माणसं म्हणतील, पारूबाईच्या घरी नेलं आन् मेलं. मंग मी कुठं तोंड लपवू? माझं घर जाळतील ओ."

हे शिवकांताच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस तिला वाटत होतं की नाही म्हणण्याचा हक्क आपल्याकडे आहे. पारूबाईलाही कारण असू शकतं, आणि तिचं कारण आपल्यापेक्षा मोठं असू शकतं, हे तिला तिथं उन्हात उभं राहून कळलं. मग ती अंगणातून बाहेर आली, गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि ओरडली. आयुष्यात नवऱ्याशिवाय कुणावर न ओरडलेली बाई.

"ऐका वो समदे! उमाबाई, बाहीर ये! मी शिवकांता, माझ्या पायानं पारूबाईच्या दारात आले. मीच पदर पसरून जागा मागितली. माझ्या लेकीला आन् नातवाला मी माझ्या हातानं इथं आणून राहिले. त्याला काई कमीजास्त झालं तर बोल माझ्यावर. ह्या बाईला कुणी एक शबूद बोललं तर मी त्याच्या दारात जीव देईन!"

दारं उघडली, बाया बाहेर आल्या, कुणी तोंडाला पदर लावला. उमाबाईही आली. पारूबाई मागं उभी होती. तिने बायांवरून एकदा नजर फिरवली आणि ती म्हणाली, "आणा. लवकर आणा, ऊन चढायच्या आत."

माणिकप्पाने कडबा उतरवला. पेंढ्या एकेक करून खाली टाकल्या आणि डोक्यावरून पारूबाईच्या अंगणात नेल्या, वाटेत जनावरांना काठीने हाकत. एक पेंढी त्याने उमाबाईच्या म्हशीपुढं टाकली आणि पुढं गेला. शिवकांताने बाळाला ओल्या फडक्यात गुंडाळून छातीशी धरलं, दुसऱ्या हाताने नीलम्माला आधार दिला, आणि गल्ली ओलांडली. पारूबाईच्या घराचं दार ठेंगणं, वाकूनच जावं लागलं. आत अंधार होता, भिंतीवर बुद्धाची तसबीर, सारवलेली जमीन, आणि असा गारवा की शिवकांताच्या अंगावर शहाराच आला. आपल्या घरातही असाच गारवा होता, गेल्या उन्हाळ्यापर्यंत.

बाळ मात्र लगेच सुधारलं नाही. गोष्टीत सुधारतं तसं ते सुधारलं नाही. दिवसभर ते निपचित पडून होतं, आणि शिवकांताला दहा वेळा वाटलं की संपलं. गाय संध्याकाळी उठून उभी राहिली, रवंथ करू लागली, पण दूध लगेच थोडंच वाढतं? पारूबाईने स्वतःच्या चहाचं दूधही बोळ्यासाठी दिलं. तांब्याचं शास्त्र त्या घरात कुणाला आठवलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने पार्वतम्मा आल्या. नातू बघायला येते असा निरोप त्यांनी आधीच पाठवला होता, पण त्या गडबडीत तो कुणाच्या लक्षातच राहिला नव्हता. माणिकप्पाने त्यांना घडलं ते सांगितलं असणार, कारण त्या पारूबाईच्या दाराशी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा आवळलेला होता. उंबऱ्याबाहेर चार हात अंतर ठेवून त्या उभ्या राहिल्या.

"ईहीणबाई, लेकराला घिऊन बाहीर या," त्या म्हणाल्या. "आपल्या घरी चला."

शिवकांताच्या मांडीवर बाळ होतं. पहाटेपासून खटपट करून त्याने आत्ताच बोळ्याला तोंड लावलं होतं. एरवी विहिणीचा आवाज कानावर पडताच ती पदर सावरत धावली असती. "मला उठता येत न्हाई," ती म्हणाली. "आत्ता कुठं पिऊन राहिलाय. तुमीच आत या."

"मी? हितं?"

"नातू हितं हाय."

मग पार्वतम्मा म्हणाल्या, "मी घरी बसते. तुमचं उरकलं की घिऊन या." आणि त्यांच्या चपला वाजत गेल्या. नीलम्मा उठायला लागली, तर शिवकांताने डोळ्यांनीच तिला खाली बसवलं. पारूबाई कोपऱ्यात तांब्या धरून उभी होती.

पार्वतम्मा जाऊन बसल्या त्या शहाबादी फरशीवर, पाहुण्यांच्या जागी, नागड्या पत्र्याखाली. ऊन डोक्यावर आलं होतं. माणिकप्पा त्यांना सुपाने वारा घालत होता म्हणे, पण वारा घालायचा तरी कसला, तापलेल्या हवेचाच. पत्र्यांचा तडतडाट इथं गल्लीच्या टोकाला ऐकू येत होता.

बाळाने बोळा सोडला, श्वास घेतला आणि पुन्हा धरला. तेवढ्यात दारातला उजेड अडला. पार्वतम्मा होत्या. चेहरा लालबुंद, विभूती घामाने गळ्यापर्यंत ओघळलेली, पदर अंगाला चिकटलेला. भिंतीला हात टेकून त्या उभ्या होत्या.

"त्या घरात माणूस बसतं व्हय वो?" त्या म्हणाल्या.

"जल्मल्यापास्नं त्यो तिथंच व्हता," शिवकांता म्हणाली.

मागं वळून पार्वतम्मांनी एकदा त्या चकाकत्या पत्र्यांकडं बघितलं. पारूबाई हलक्या आवाजात म्हणाली, "दार ठेंगणं हाय, आई. जरा जपून." पार्वतम्मा वाकल्या, आत आल्या आणि सारवलेल्या जमिनीवर शिवकांताला लागून बसल्या. अंधाराला डोळे सरावेपर्यंत त्या तशाच बसल्या. मग त्यांनी हात पुढं केला आणि एका बोटाने बाळाची टाळू चाचपली.

"लई खोल हाय ओ," त्या म्हणाल्या.

"काल ह्याच्यापेक्षा खोल व्हती," शिवकांता म्हणाली, आणि तिने बोळा पुन्हा दुधात बुडवला.